अकरा आराखडे आणि एक 'तिकडे'

पत्र थोडक्यात सांगते. इंदूरच्याच एका वाचक मैत्रिणीचं आहे, वय ३४, सीएच्या ऑफिसात नोकरी. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी बदलल्यात. चार वर्षं ती एक कादंबरी लिहितेय, मिल कामगाराच्या मराठी घराची, म्हणजे बरीचशी स्वतःच्याच घराची. आत्तापर्यंत अकरा आऊटलाईन झाल्या. एक्सेलमधे झाली, डायरीत झाली, शेवटची तर बेडरूमच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून. दर वेळी चौथ्या प्रकरणाशी गाडी अडकते, जिथे मोठ्या काकांना डोक्याच्या आजारासाठी घरचे घेऊन जातात. घरात त्या जागेचं नाव कोणी घेत नाही, 'तिकडे नेलं' एवढंच म्हणतात. काका कविता करायचे. मागच्या वर्षी तिचे स्वतःचे तीन दिवस असे गेले की झोप जवळजवळ नाही, भूक नाही आणि सत्तर पानं लिहून झाली, त्यानंतर दीड महिना अंथरुणातून उठवत नव्हतं. डॉक्टरांनी औषध दिलं, झोप आली, पण 'आतलं काहीतरी बंद झालं' म्हणून दोन महिन्यांपूर्वी गोळ्या तिने स्वतःच सोडल्या, घरी कोणाला माहीत नाही. त्यात एका लेखक मित्राने सांगितलं की आऊटलाईन म्हणजे क्रिएटिव्हिटीचा गळा दाबणं, मोठे लेखक सगळे थोडे सटकलेलेच असतात. तिचा प्रश्न असा: ताई, मी फार शहाणी आहे म्हणून लिहू शकत नाहीये, की मी काकांसारखी होतेय? लेखक व्हायचं तर वेड पत्करावंच लागतं का?

---

ताई म्हटलंयस म्हणून सरळ अगं-तुगंवर येते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा रात्री आणि एकदा सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता, आणि दोन्ही वेळा मला एकच जागा टोचली, 'घरी कोणाला माहीत नाही'. त्यामुळे आधी गोळ्यांचं बोलू. कादंबरी चार वर्षं थांबलीये, अजून पंधरा दिवस थांबेल. मी डॉक्टर नाही, तुला नेमकं काय झालंय हे पत्रावरून मला कळत नाही आणि कळतं म्हणणाऱ्या कोणाचं ऐकूही नकोस. पण मूडची औषधं आपल्या मनाने सोडली की त्रास परत येऊ शकतो, आणि खरी पंचाईत ही की येताना तो त्रासासारखा दिसत नाही, सुरुवातीला मस्तच वाटतं, झोप कमी तरी थकवा नाही, डोकं भराभर चालतंय, ज्याला-त्याला फोन करावेसे वाटतायत, पैसे उडतायत, आणि लिहिणाऱ्या बाईला तर वाटतं साक्षात सरस्वती येऊन बसलीये टेबलावर.

म्हणून याच आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे जा आणि मला लिहिलंस ते वाक्य जसंच्या तसं त्यांना सांग, झोप आली पण लिखाण बंद झालं. आपल्याकडे काय होतं, डॉक्टर विचारतात कसं वाटतंय, आपण म्हणतो बरंय, आणि घरी आलो की गोळी ड्रॉवरमधे. 'लिहिता येत नाही' ही तक्रार आहे गं, ॲसिडिटीइतकीच खरी तक्रार, त्यावर डोस बदलता येतो, औषध बदलून बघता येतं, पण त्यांना कळलं तर ना. तोवर आपणहून परत सुरूही करू नकोस, दोन महिन्यांचा खंड पडलाय, कुठून आणि किती सुरू करायचं ते त्यांना ठरवू दे. डॉक्टर पटत नसतील तर दुसरे बघ, त्यात काही पाप नाही. घरात एकाला तरी सांग, ज्याला तुझी झोप उडालेली तुझ्याआधी कळेल अशा एकाला. आणि मधल्या काळात रात्री-बेरात्री फारच झालं, जीव नकोसा वाटायला लागला, तर १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, सरकारी आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. फोनमधे सेव्ह करून ठेव. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही करा, कोणाला कधी लागेल सांगता येत नाही.

आता तुझा मित्र. त्याचा राग नको धरूस, तो काही नवीन बोलत नाहीये, ही फार जुनी समजूत आहे. कवीला देवाने दिलेलं वेड लागतं असं प्लेटोच लिहून गेलाय, आणि नंतर युरोपातल्या रोमँटिक मंडळींनी ते असं काही रंगवलं की दुःखी, अर्धपोटी, रात्रभर जागणारा म्हणजेच कलावंत, बाकीचे सगळे कारकून. तू सीए ऑफिसात काम करतेस म्हणून ते तुला जास्त लागलं असेल, हो ना?

पण यावर खरंच अभ्यास झालेत, आणि ते वाचले की मित्राचं म्हणणं थोडं खरं निघतं आणि बरंचसं गळून पडतं. नॅन्सी अँड्रियासन म्हणून अमेरिकेतल्या एक मानसोपचारतज्ज्ञ, बाई आधी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट केलेल्या. त्यांनी आयोवाच्या लेखक-कार्यशाळेतले ३० लेखक घेतले आणि त्यांच्याशी तुलना करायला लेखक नसलेले ३० जण, आणि १९८७ मधे निष्कर्ष छापले. ८० टक्के लेखकांना आयुष्यात कधी ना कधी मूडचा आजार होऊन गेलेला, दुसऱ्या गटात ३० टक्के. हा आकडा जगभर फिरला, तुझ्या मित्रापर्यंतही असाच कुठूनतरी आला असणार. पण लेखक होते फक्त तीस, मुलाखती बाईंनी स्वतःच घेतलेल्या, समोरचा लेखक आहे की नाही हे त्यांना माहीत असायचं, यावर टीकाही भरपूर झाली. आणि जे कोणी सांगत नाही ते हे, की त्यांच्या लेखकांपैकी बहुतेकांचं म्हणणं होतं की आजार चढलेला असताना किंवा पार खाली गेलेलं असताना लिहिणं होत नाही, लिहिणं होतं ते मधल्या बऱ्या दिवसांत.

मग स्वीडनमधे सायमन क्यागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी नोंदींवरून मोठं काम केलं, २०१३ मधे आलं ते, जवळजवळ १२ लाख रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. त्यात क्रिएटिव्ह व्यवसायातले लोक एकूणात इतरांपेक्षा जास्त आजारी निघाले नाहीत, अपवाद फक्त बायपोलरचा, म्हणजे मूड कधी फार चढतो आणि कधी पार खाली जातो त्या आजाराचा. लेखक मात्र वेगळे निघाले, त्यांच्यात डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, व्यसनं, सगळंच जास्त. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण याचा अर्थ आजाराने लिखाण येतं असा होत नाही, आधीच हळवी झालेली माणसं लिहिण्याकडे वळत असतील, किंवा एकट्याने बसायचं, पैसा नाही, नकारावर नकार, हा धंदाच माणसाला खात असेल. दोन गोष्टी शेजारी राहतात म्हणून एकीने दुसरीला जन्म दिला असं नसतं, नाहीतर आमच्या कॉलनीत निम्मी नाती बदलावी लागतील.

त्याच स्वीडनच्या कामात अजून एक बारीकशी गोष्ट आहे, ती मला तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. बायपोलर, स्किझोफ्रेनिया अशा काही आजारांच्या रुग्णांचे जवळचे नातेवाईक, म्हणजे भावंडं, आई-बाप, मुलं, हे क्रिएटिव्ह व्यवसायात जास्त सापडले. तू पत्रात ओझरतं लिहिलंयस की बाबा दर वर्षी गणपतीची आरास स्वतः करतात, थर्माकोलच्या काळापासून, आणि अख्खी गल्ली बघायला येते. ते काकांचे सख्खे भाऊ ना? म्हणजे तुझ्या घरात जे काही आहे ते फक्त काकांच्याच वाट्याला आलं नव्हतं. आजार आणि कला ही एकच गाठोडी समजून तू ती काकांच्या नावाने बांधून ठेवलीस आणि आता ती उघडायला घाबरतेयस.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. मराठीत वेड हा शब्द दोन्हीकडे चालतो, पोराला क्रिकेटचं वेड, वारकऱ्याला विठ्ठलाचं वेड, आई लेकीला लाडाने 'वेडी गं' म्हणते, आणि तोच शब्द आजारालाही. आमच्या लहानपणी मस्ती केली की मोठी माणसं म्हणायची, बाणगंगेला पाठवू का, तिथे मेंटल हॉस्पिटल आहे ना म्हणून. हसत म्हणायचे. आणि ज्या घरात खरंच कोणी आजारी असायचं तिथे हसणं बंद होऊन 'तिकडे' सुरू व्हायचं, तुझ्या घरासारखं. लिहिण्याचं वेड तुला आहेच, चार वर्षं एका गोष्टीमागे लागलीयेस, अजून काय पुरावा पाहिजे. दुसऱ्या वेडाची त्यासाठी गरज नाही.

गोळ्यांनी लिखाण आटतं का, यावरही बघितलंय लोकांनी. डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ, लिथियम या मूडच्या चढ-उतारांवरच्या औषधावर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्यांनी १९७९ मधे २४ कलावंतांना विचारलं की हे औषध सुरू झाल्यापासून तुमच्या कामाचं काय झालं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ म्हणाले फरक नाही, ६ म्हणाले कमी झालं. छोटा अभ्यास आहे, तुझं औषध वेगळंही असेल, आणि त्या शेवटच्या सहांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही, तू कदाचित त्यांच्यातली असशील. पण ते डॉक्टरांसमोर बसून शोधायचं, ड्रॉवरशी नाही.

बरं आता ती सत्तर पानं. तूच लिहिलंयस की त्यातली नऊ ठेवलीस. आणि वाचक गटात सगळ्यांना आवडलेला तो रेशनच्या रांगेतला आजीचा प्रसंग तू कुठे लिहिलास? ऑफिसात, जीएसटी रिटर्नच्या मधल्या वेळात, डबा खाताना. हे तू पत्रात असं सांगितलंयस जसं काही त्याची लाज वाटते. शूमान नावाचा जर्मन संगीतकार होता, त्याला असेच चढ-उतार व्हायचे, १८४० या एका वर्षात त्याने शंभरावर गाणी रचली. रॉबर्ट वाइसबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मधे त्याचं वर्षावर्षाचं काम तपासलं, तर चढत्या काळात रचना जास्त झाल्या होत्या पण चांगल्या रचनांचं प्रमाण काही वाढलं नव्हतं. सत्तरातली नऊ, आणि डब्याच्या वेळेतला एक अख्खा प्रसंग. तू सीए ऑफिसातली आहेस, हिशेब तूच कर.

हुश्श. आता आऊटलाईन.

तुझ्यासारखी पत्रं बरीच येतात, कोणी म्हणतं आराखडा केल्याशिवाय हात चालत नाही, कोणी म्हणतं आराखडा केला की हातच चालत नाही, आणि दोघंही मला विचारतात बरोबर काय. विल्यम फॉकनरने 'अ फेबल' या कादंबरीचा आराखडा घरातल्या खोलीच्या भिंतीवर लिहिला होता, एकेका वाराखाली त्या दिवशी काय होतं ते, मिसिसिपीतल्या त्याच्या घरात ती भिंत आजही दाखवतात. (म्हणजे बेडरूमची भिंत खराब केली म्हणून घरचे बोलत असतील तर सांगायला एक नोबेलवाला आहे तुझ्याकडे.) पण त्याच माणसाने 'अ‍ॅज आय ले डाइंग' ही कादंबरी रात्रपाळीची नोकरी करता करता सहा आठवड्यांत लिहिली असं तोच सांगायचा. आणि भिंतीवाली, जिला दहाएक वर्षं लागली, ती त्याची सगळ्यात चांगली आहे असं म्हणणारे फार भेटत नाहीत. एकाच माणसाच्या दोन तऱ्हा, त्यामुळे आऊटलाईन करणारे शहाणे आणि न करणारे वेडे हा हिशेब इथेच बोंबलला.

माझंच सांगते. तिशीत मीही कादंबरी घेतली होती लिहायला, एका जुन्या हिशेबाच्या वहीत आराखडा केला, इतका सुरेख झाला की प्रत्येक प्रसंग, प्रत्येक शेवटचं वाक्य ठरलेलं. आणि मग लिहायची इच्छाच गेली. गोष्ट सांगून झाली होती, आता परत कोणाला सांगायची. वही अजून माळ्यावर आहे. म्हणून ज्यांचे आराखडे फार नीटनेटके होतात त्यांना मी म्हणते, शेवट लिहू नका, मधली दोन-तीन प्रकरणं मुद्दाम रिकामी ठेवा, तिथे फक्त 'माहीत नाही' लिहा.

तुझं मात्र तसं नाहीये. तू अकरा केल्यास, आणि अकराही एकाच जागी मोडल्या. एक्सेल असो, भिंत असो, चौथ्या प्रकरणाशीच. पद्धत चुकत असती तर कधी दुसऱ्या प्रकरणात अडली असतीस, कधी नवव्यात. मला तर वाटतं तुझ्या आऊटलाईन अगदी व्यवस्थित चालल्यात, अकरा वेळा त्यांनी तुला त्याच दारापाशी नेऊन उभं केलं, आणि तू दर वेळी म्हणालीस रस्ता चुकला. त्या दाराआड काय आहे ते तुला माहीत नाही, कारण घरात 'तिकडे' पलीकडे कोणी बोललंच नाही, आणि जे माहीत नाही ते आराखड्यात कसं घालणार तू? चिठ्ठीवर काय लिहिलंयस तिथे? मी पैज लावते, 'काकांना नेतात' एवढेच दोन शब्द आहेत.

मुक्तिबोध तुला माहीतच असतील, मराठी घरातले हिंदी कवी, इथल्याच होळकर कॉलेजातून १९३८ मधे बीए झालेले. (त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहायचे, कादंबऱ्यासुद्धा.) 'एक साहित्यिक की डायरी'मधे त्यांचा 'तीसरा क्षण' म्हणून लेख आहे, तो मिळवून वाच, हिंदी तुला काय अवघड. त्यात ते कलेचे तीन क्षण सांगतात. पहिला क्षण म्हणजे जगण्यातला तीव्र अनुभव. दुसऱ्यात तो अनुभव स्वतःच्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एका कल्पनाचित्रासारखा उभा राहतो. तिसरा क्षण शब्दांत उतरवण्याचा, तो सुरू झाला की चित्र तसंच राहत नाही, लिहिता लिहिता बदलत जातं, शेवटपर्यंत. माझ्या मते आऊटलाईन करणं हे दुसऱ्या क्षणाचं काम आहे, त्यामुळे तिसऱ्यात ती मोडणारच, प्रत्येकाची मोडते, त्याने आपल्या डोक्यात बिघाड आहे असं ठरत नाही. पण तुझं चौथं प्रकरण अजून दुसऱ्या क्षणालाही पोचलेलं नाही. मुळांपासून सुटलंच नाहीये ते, अजून दुखतंय. म्हणून मी तुला एक विचारते, रागावू नकोस: काकांसारखी होईन ही भीती आधी आली, की काकांचं प्रकरण लिहायला घेतल्यावर आली?

तर करायचं काय. डॉक्टरांकडे जाऊन आलीस, झोप रुळावर आली, की एखाद्या रविवारी बाबांबरोबर बस. कसं वाटलं तुम्हाला, असं विचारू नकोस, बाबा लोक त्या प्रश्नाला उठून जातात. वस्तू विचार. काकांना नेलं तेव्हा सकाळ होती की संध्याकाळ, टांगा होता की टेम्पो, अंगात शर्ट कुठला होता, बरोबर कोण गेलं, घरी त्या दिवशी स्वयंपाक झाला का, कवितांची वही कुठे गेली. बाबा नाही बोलले तर आत्या बोलेल, आत्या लोकांना सगळं माहीत असतं. आणि जे नाहीच कळलं ते तसंच कादंबरीत येऊ दे, 'तिकडे' या शब्दासकट, पोरांना दारातून आत पाठवून दिलंय आणि बाहेर काहीतरी चाललंय इतकंच. मला वाचायला आवडेल ते. मात्र काकांची वही सापडली तर एकटीने रात्री बसून वाचू नकोस, दिवसा वाच, कोणीतरी घरात असताना.

आधार पाहिजे तर बाहेरच्या तारखांचा घे, त्या आपल्याला विचारून हलत नाहीत. आपली हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. या बत्तीस वर्षांत तुझ्या पात्रांपैकी कोण किती वर्षांचं होतं एवढंच एका कागदावर मांड, एक्सेल आवडतं तर एक्सेलमधे मांड, या कामाला ते उत्तम आहे. हवं तर त्याला बारावी आऊटलाईन म्हण, पण प्रसंग त्यात घालू नकोस. प्रसंग डब्याच्या वेळात लिही, रोज वीस मिनिटं, कुठल्याही प्रकरणातला, क्रम न बघता, आणि पंधरा-वीस जमले की मग आराखडा कर, लिहून झालेल्याचा. उलटा आराखडा म्हण त्याला. काय लिहिलंय ते बघून पुढचं ठरवायचं, स्वयंपाकघरात डबे उघडून बघितल्यावर ठरवतो ना आज काय करायचं, तसं.

एक नियम मात्र कडक. रात्री अकरानंतर लिहायचं नाही, कितीही सुचलं तरी. सुचलेलं एक ओळ चिठ्ठीवर लिहून झोपायचं. दोन रात्री झोप उडाली आणि तरी मजा येतेय असं वाटलं तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन. मित्र म्हणेल याने फ्लो तुटतो. तुटू दे, त्याला म्हणावं तुझी सत्तर पानं दाखव आधी.

आणि हो, भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घेऊन ठेव. चौथ्या प्रकरणाची तेवढी राहू दे तिथे, आणि बाबा काही बोलले तर 'काकांना नेतात'च्या खाली तेच लिही, शर्टाचा रंग का असेना.